थंडी, बंद दार आणि निखारे: ग्वाल्हेरकरांनो, अनुभव लिहा

डिसेंबर लागला की लष्कर भागातल्या जुन्या घरांमधून सिगड्या माळ्यावरून खाली उतरतात. आणि दर हिवाळ्यात पेपरात तीच बातमी येते: खोलीत अंगीठी, दार आतून बंद, सकाळी कोणी उठलंच नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. झोपलेल्या माणसाला जाग यावी तरी कशाने? घरात, शेजारीपाजारी जे प्रत्यक्ष पाहिलंत ते इथे लिहा. फॉरवर्ड नकोत. सुरुवात मी करते.

जाऊबाईंचं बाळंतपण ऐन जानेवारीतलं. खोली आतली, अंधारी. ‘वारं लागेल’ म्हणून सासूबाईंनी झरोक्यात गोधडीचा बोळा कोंबलेला. बाजेखाली सिगडी, तीवर ओवा-शेपा टाकून धुरी, आणि शेक झाल्यावरही निखारे तिथेच विझत पडलेले. जाऊबाईंचं डोकं रोज दुपारी ठणकायचं, मळमळायचं. घरात निदान ठरलेलं: बाळंतवात. मग त्यांच्या सोबतीला बसणाऱ्या आत्याबाईंचंही डोकं धरायला लागलं. मालिशवाल्या बाईंनी हातातली तेलाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “आत्याबाईंना कसला हो बाळंतवात?” त्याच दिवशी सिगडी अंगणात गेली. फडकी तिथे गरम करून आत आणायची, शेक तसाच चालू. डोकेदुखी गेली. धूर गेला की निखारे निर्धोक, असं आपल्याकडे सर्रास मानतात. लाल, बिनधुराचे निखारेच हा वायू भरपूर सोडतात.

थाटीपूरकर: आमच्याकडे गॅस गिझर. भाड्याचा फ्लॅट, बाथरूम एवढीशी, गिझर आतच, आणि आधीच्या भाडेकरूने एक्झॉस्टच्या भोकाला पुठ्ठा ठोकून ठेवलेला. मुलगा आंघोळीला गेला. पाणी वाहतंय, हाक मारली तर ओ नाही. कडी तोडली तर भिंतीला टेकून बसलेला, डोळे अर्धवट उघडे. गिझर बंद केला, त्याला ओढत गॅलरीत आणलं, १०८ला फोन लावला. दवाखान्यात बोटाला लावायच्या यंत्रावर ९८ दिसत होते, म्हणून आधी सगळे फिट आली असंच समजले. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “घरी गिझर कुठला?” आणि लगेच रक्त तपासायला पाठवलं. त्यांनी नंतर समजावलं: हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट धरतो, आणि बोटावरच्या साध्या यंत्राला त्या दोन्हींतला फरक कळत नाही. करोनात घेतलेल्या ऑक्सिमीटरवर विसंबून घरी बसू नका.

निवृत्त नर्स: वरचं अगदी बरोबर. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात. घट्ट मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. म्हणून ‘मोकळ्या हवेत बसवलं, आता बरा आहे’ म्हणून घरी ठेवू नका. गरोदर बाईला तर लगेच न्या, पोटातल्या बाळाला आईपेक्षा जास्त धोका. अजून एक: बरे होऊन घरी गेलेले काहीजण दोन-तीन आठवड्यांनी विसरायला लागतात, चालताना अडखळतात. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, पुन्हा दाखवा.

मुरारची सून: खोलीत पाण्याची बादली ठेवली की वायू शोषला जातो म्हणे. आमच्याकडे आजेसासऱ्यांपासून ठेवतात, कधी काही झालं नाही.

जुना रसायनवाला: सूनबाई, हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बादलीने हवा जरा ओलसर राहते, बस्स. तुमच्या आजेसासऱ्यांना वाचवलं ते दारांच्या बोटभर फटींनी. आता सरकत्या काचेच्या खिडक्या बसवल्यात, मुंगीला वाट नाही. बादली तीच, घर बदललं.

मुरारची सून: पटलं काका. सासूबाईंना तुम्हीच सांगा.

हजिरा: आमच्या कॉलनीचा चौकीदार टिनाच्या केबिनमध्ये घमेल्यात कोळसे घेऊन बसायचा. सकाळी दूधवाल्याला तो बाकावर ओकताना दिसला. वाचला. वर्गणी काढून विजेचा हीटर दिला, त्यातून हा वायू निघत नाही.

कंपू: अलार्मबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. सिलिंडरच्या गळतीचा अलार्म वेगळा, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. दुकानदार एकच म्हणून गळ्यात मारतात, डब्यावरचं वाचून घ्या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा अलार्म खाली बसवतात. कार्बन मोनॉक्साइड खोलीभर मिसळतो. याचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ हवा, झोपेतही ऐकू येईल असा. मागे मुदत छापलेली असते, सेन्सर साधारण पाच ते दहा वर्षांत बाद होतो. बटण दाबल्यावर पीं वाजलं म्हणजे सेन्सर जिवंत आहे असं नव्हे. आणि शेगडीची ज्योत निळी सोडून पिवळी व्हायला लागली की मेकॅनिकला बोलवा.

नया बाजार: भाड्याच्या घरात गिझर बाहेर काढायला घरमालक तयार होत नाही. काय करावं?

थाटीपूरकर: आमचाही नव्हता. शेवटी गिझर गॅलरीत लावला, नुसता पाण्याचा पाइप आत घेतला. प्लंबरने अर्ध्या दिवसात केलं. पैसे आम्ही भाड्यातून वळते केले, मालक दोन महिने फुगून बसला होता.