८×८ पटावर ३×३ चा ठोकळा अडतो, जागा कशी राखायची?

कोपरा:
ब्लॉक पझल, म्हणजे मोबाइलवरचा ठोकळे बसवायचा गेम, नेहमीचा प्रकार: ८×८ चा पट, एका वेळी तीन ठोकळे, ते फिरवता येत नाहीत, आडवी किंवा उभी ओळ भरली की उडते. वेळेचं बंधन नाही. अर्ध्याहून जास्त पट रिकामा असतो, तरी ३×३ किंवा पाच घरांचा दांडा आला की गेम ओव्हर. कडेने भरत यावं की मधून? आणि मोठ्या कॉम्बोसाठी (एकदम अनेक ओळी उडवायला) एक उभी ओळ मोकळी ठेवून बाकी सगळं भरत न्यावं का?

आडवा_उभा:
रिकामी घरं किती, हा प्रश्नच चुकीचा. ती कुठे आहेत ते बघा. ३×३ अडवायला फक्त चार भरलेली घरं पुरतात: तिसरी आणि सहावी आडवी ओळ जिथे तिसऱ्या आणि सहाव्या उभ्या ओळीला छेदते ती चार. कागदावर काढून बघा, ६० घरं मोकळी असूनही चौकोन कुठेच बसत नाही!

दांड्याचंही तसंच. पाचचा आडवा दांडा कुठेही ठेवा, चौथ्या आणि पाचव्या उभ्या ओळीतलं घर तो घेणारच. त्या दोनपैकी एक घर प्रत्येक आडव्या ओळीत भरलं की त्याची वाट बंद. उभ्या दांड्यासाठी हाच हिशेब चौथ्या-पाचव्या आडव्या ओळींचा.

म्हणून कडेने भरा, पण चारही बाजूंनी नको. लगतच्या दोन बाजू धरा, म्हणजे मोकळी जागा समोरच्या कोपऱ्याकडे सलग राहते.

सहा_क्रम:
वरच्यात भर. तीन ठोकळे सहा वेगवेगळ्या क्रमांनी ठेवता येतात आणि बहुतेक जण दिसेल तो पहिला उचलतात. आधी सगळ्यात अवघड ठोकळ्याची जागा मनात नक्की करा, पण तो आधी ठेवलाच पाहिजे असं नाही. कित्येकदा दोन घरांच्या तुकड्याने एक ओळ उडते आणि त्यामुळेच ३×३ ला जागा होते.

तिसरा ठोकळा ठेवण्याआधी पुढचा पट डोळ्यांसमोर आणा: ३×३, आडवा पाच, उभा पाच, तिघांनाही जागा उरते का? नसेल तर क्रम बदलून बघा. पुढचे तीन काय येतील ते कळत नाही, त्यामुळे ही तपासणी दर फेरीला.

कोपरा:
पटलं. पण मध्येच एखादं एकटं घर चारही बाजूंनी कोंडलं जातं, त्याचं काय? आणि उभ्या ओळीचं राहिलंच.

आडवा_उभा:
कोंडलेल्या घरात फक्त एका घराचा ठोकळा जातो आणि तोवर त्याची आडवी-उभी, दोन्ही ओळी अडकून पडतात. त्या ठोकळ्याची वाट बघू नका. शेजारची ओळ पुरी करून उडवा, म्हणजे भोक आपोआप रुंद होतं.

खाच:
उभी ओळ मोकळी ठेवणं ही टेट्रिसची (वरून पडणारे तुकडे रचायच्या गेमची) सवय. तिथे हल्लीच्या बहुतेक आवृत्त्यांत सातही आकार जणू एका पिशवीतून एकेकदा निघतात आणि ती रिकामी झाली की पुन्हा भरते, त्यामुळे दोन लांब दांड्यांच्या मध्ये फार तर १२ तुकडे येतात. इथे तशी हमी धरून खेळू नका. दांडा आला तर पाच ओळी, म्हणजे ४० घरं एका झटक्यात. नाही आला तर पट घशाशी येतो.

त्यापेक्षा लगतच्या तीन ओळींत तीन घरं रुंद खाच ठेवा. तिच्यात ३×३ बसतो आणि तिन्ही ओळी एकदम जातात. शिवाय तीनचे दांडे, मोठा एल, काहीही चालतं. एक घर रुंद खाच फक्त दांडेच गिळते.

९×९ मध्ये, जिथे ३×३ चे खणही उडतात, तिथे एक अख्खा खण रिकामा सोडा. चौकोन त्यात ठेवताक्षणी उडतो. त्या प्रकारात तिरके ठोकळे (ज्यांची घरं फक्त कोपऱ्याला कोपरा जुळतात) असतील तर ते मोकळ्यात ठेवू नका, पायऱ्यांसारख्या कडेला चिकटवा. नाहीतर दोन्ही बाजूंना कोंडलेली घरं तयार होतात.