मदत हवी आहे : सहाध्यायांच्या गटप्रकल्पाला गुण कसे द्यावेत? (विषय : चीनमधील सोशल क्रेडिट व्यवस्था)

नमस्कार. मी राज्यशास्त्रात एम. ए. करत आहे. अंतर्गत मूल्यमापनाचा भाग म्हणून आमच्या विभागात प्रत्येकाने दुसऱ्या गटाचा संशोधन-अहवाल वाचून २५ पैकी गुण व लेखी अभिप्राय द्यायचा आहे. मांडणी, संदर्भांचा वापर आणि युक्तिवाद असे तीन निकष विभागाने ठरवून दिले आहेत. माझ्या वाट्याला चीनच्या सोशल क्रेडिट व्यवस्थेवरील (म्हणजे नागरिक व कंपन्या यांची विश्वासार्हता नोंदवण्याच्या व्यवस्थेवरील) चार जणांचा अहवाल आला असून त्याला न्याय कसा द्यावा, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

मुख्य अडचण अशी की, अहवालाचा मूळ दावाच मला टिकाऊ वाटत नाही. चीन सरकार प्रत्येक नागरिकाला एक गुणांक देते आणि त्याचे शिक्षण, नोकरी, प्रवास असे सारे काही त्यावर ठरते, असे पहिल्याच पानावर ठामपणे म्हटले आहे. २०१४ साली चीनच्या राज्य परिषदेने (तिथल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने) २०२० पर्यंतचा जो आराखडा जाहीर केला, त्यात शासकीय कारभार, व्यापार, समाजजीवन आणि न्यायव्यवस्था या चार क्षेत्रांतील विश्वासार्हतेची भाषा होती. परंतु प्रत्यक्षात जे उभे राहिले ते निरनिराळ्या खात्यांच्या काळ्या याद्या, कंपन्यांनी नियम पाळले की नाही याच्या नोंदी आणि काही शहरांचे आपापले प्रयोग यांचे कडबोळे आहे. शांतुंग प्रांतातील रोंगचेंग शहरात रहिवाशाच्या खाती आरंभी १००० गुण असत, ही योजना खरी. पण ती त्या शहरापुरती. अलिबाबा या ई-व्यापार कंपनीशी संलग्न अँट या वित्तसेवा कंपनीचा, ग्राहकाची पत दाखवणारा ३५० ते ९५० दरम्यानचा ‘सेसमी क्रेडिट’ गुणांक तर खासगी आहे. २०१५ मध्ये मध्यवर्ती बँकेने आठ कंपन्यांना वैयक्तिक पतमापनाची तयारी करण्यास सांगितले, त्यांत सेसमीही होती. मात्र त्यांपैकी एकीलाही स्वतंत्र परवाना मिळाला नाही आणि २०१८ मध्ये तो या आठही जणींचा वाटा असलेल्या बायहांग या नव्या संस्थेला देण्यात आला. गटाने रोंगचेंग आणि सेसमी या दोन्हींना एकाच राष्ट्रीय यंत्रणेचे भाग मानले आहे, आणि पुढची सगळी इमारत त्यावरच रचली आहे.

दुसरी शंका आकड्यांची. २०१८ अखेरपर्यंत काळ्या यादीतील लोकांना विमानाची तिकिटे सुमारे १ कोटी ७५ लाख वेळा नाकारली गेली, हा आकडा अहवालात तितक्या ‘लोकांना’ असा आला आहे. (एकाच माणसाला दहादा नकार मिळू शकतो!)

याउलट, चीनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या काळ्या यादीवरील प्रकरण उत्तम उतरले आहे. २०१३ पासून, कोर्टाचा निकाल लागूनही आणि ऐपत असूनही देणी न फेडणाऱ्यांची नावे जाहीर होतात आणि त्यांना विमान व वेगवान रेल्वेचा प्रवास बंद होतो, हे गटाने मूळ चिनी सूचनांचे मराठी भाषांतर देऊन समजावले आहे. हे प्रकरण नक्कीच वेगळ्या हातचे आहे, पण गुण मात्र सर्वांना सारखेच द्यायचे आहेत.

माझे प्रश्न असे : मूळ दावा चुकीचा वाटत असताना चांगल्या प्रकरणाचे श्रेय किती द्यावे? माझे स्वतःचे वाचन हा गुण कापण्याचा आधार होऊ शकतो का? आणि रोज एकाच बाकावर बसणाऱ्यांना हे लेखी कसे कळवावे?

प्रतिसाद :

मी पदव्युत्तर वर्गांना शिकवतो, त्या अनुभवावरून लिहितो. तुमच्या वाचनाची गरजच पडू नये, अशी सोय त्या अहवालातच आहे. ज्या प्रकरणाचे तुम्ही कौतुक केले, त्यात कोणाचाही गुणांक नाही. न्यायालयाचा निकाल आणि एक यादी, एवढेच आहे. म्हणजे गटाने स्वतः गोळा केलेला सर्वांत भक्कम पुरावा पहिल्या पानाला छेद देतो. ही अंतर्गत विसंगती ‘युक्तिवाद’ या निकषात मोजा आणि तिथेच थांबा. त्याच चुकीसाठी संदर्भांचे गुण पुन्हा कापू नका. ‘वेळा’ आणि ‘लोक’ हा घोटाळा मात्र संदर्भांच्या निकषात येतो. मूळ सूचनांपर्यंत जाऊन केलेले भाषांतर एम. ए.च्या पातळीवर दुर्मीळ असते, तेव्हा त्या निकषात हात आखडता घेऊ नये. कोणी काय लिहिले याचा अंदाज बांधणे हे तुमचे काम नाही. तो प्रश्न प्राध्यापकांकडे स्वतंत्रपणे न्यावा.

अभिप्रायात पृष्ठक्रमांक देऊन प्रश्न विचारावा. उदाहरणार्थ : “पहिल्या पानावरील ‘प्रत्येक नागरिकाला एक गुणांक’ हे विधान न्यायालयाच्या यादीवरील प्रकरणाशी कसे जुळते, याचा खुलासा गटाने करावा.”