दुधाच्या पिशवीचे 50 पैसे: सवय आपली वाईट की दानत कंपन्यांची?

कोपरा_कापू_नका
गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत एका दूध कंपनीची माणसं येऊन गेली. कापडी पिशव्या वाटल्या, मुलांकडून झाडांची चित्रं काढून घेतली, फोटो काढले. मी विचारलं, रिकाम्या पिशव्या परत कधीपासून घेणार? उत्तर आलं, "लोकांची मानसिकताच नाही हो."

डोकं फिरलं, म्हणून हा धागा. महाराष्ट्राची प्लास्टिकबंदीची अधिसूचना 23 मार्च 2018 ची. त्यात दुधाच्या पिशवीला सूट मिळाली ती अटीवर: पिशवीवर पुनर्खरेदीची किंमत छापायची, किमान 50 पैसे, आणि रिकामी पिशवी परत घ्यायची. जून 2019 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम विधिमंडळात सांगत होते, राज्यात रोज 1 कोटी पिशव्या, 31 टन कचरा, महिन्याभरात योजना सुरू करू. इथे कुणाला एकदा तरी ते 50 पैसे मिळालेत का? मला नाहीत.

आणि मानसिकता म्हणाल, तर मुंबईत आरे या सरकारी दूध योजनेच्या केंद्रावर काचेच्या बाटलीतून दूध मिळायचं. रिकामी बाटली घेऊनच माणसं रांगेत उभी राहायची. ती काय वेगळ्या मातीची होती?

पहाटेचा_टेम्पो
साहेब, 22 वर्षं दूध वाटतोय, मला बोलू द्या. पहाटे अडीचला गाडी भरते, सातच्या आत क्रेट रिकामे. त्या क्रेटमध्ये तुमच्या चिकट पिशव्या कोण भरणार? उन्हाळ्यात न धुतलेली पिशवी दुपारपर्यंत काय वास मारते ते एकदा घेऊन बघा. शिवाय एका गल्लीत सहा ब्रँड. मी विकलेली कुठली आणि शेजारच्याने विकलेली कुठली, हे निवडत बसू? आरेचा एकच मालक होता, म्हणून जमलं. आणि 50 पैशांचं नाणं शेवटचं कधी पाहिलंत? आमच्याकडे सुट्ट्याऐवजी चॉकलेट देतात.

फॅट_एसएनएफ
टेम्पोवाल्या भाऊंना अनुमोदन. पुण्या-मुंबईच्या लोकांना "कंपनी" दिसते, आम्हा शेतकऱ्यांना आमचं दूध घेणारा सहकारी दूध संघ दिसतो. पिशव्या गोळा करायच्या, मोजायच्या, वाहून न्यायच्या, हा खर्च संघ कुठून काढणार? गिऱ्हाईकाला भाव वाढवला की बोंब होते, मग आमच्या बिलातून कापतील. 2024 मध्ये दर इतका पडला की सरकारला लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यावं लागलं. तेव्हा पर्यावरणवाले कुठे होते? चर्चेला बोलावताना शेतकरी शेवटी आठवतो, पैसे कापताना पहिला.

कोपरा_कापू_नका
@फॅट_एसएनएफ, दादा, ते 50 पैसे विकतानाच अनामत म्हणून घेतले, तर तो खर्च नव्हे, अनामत गिऱ्हाईकाचीच असते. न परतलेल्या पिशव्यांची अनामत शिल्लक राहील, तीच वाहतुकीला वापरा की. तमिळनाडूतल्या निलगिरीत बघा. तिथल्या सरकारी दारूदुकानांत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2022 पासून बाटलीमागे 10 रुपये जास्त घेतात आणि रिकामी आणून दिली की परत देतात. फुटलेल्या काचांनी जंगलातल्या जनावरांचे पाय फाटत होते. बाटल्या आता दुकानात परत येतात. दारू पिणाऱ्यांची मानसिकता बदलते आणि दूध पिणाऱ्यांची नाही?

सायीचा_धनी
10 रुपये आणि 50 पैसे यांतला फरक विसरलात. बाकी तुलना आवडली. 😀

रद्दीमोजणी
मी पुण्यात कचरावेचक बायकांबरोबर काम करते. मंत्र्यांच्याच आकड्यांवरून हिशेब मांडा. 1 कोटी पिशव्यांचे 31 टन, म्हणजे पिशवी साधारण 3 ग्रॅमची. किलोत 320 च्या वर पिशव्या बसतात. 50 पैशांनी किलोला 160 रुपये झाले! भंगारवाला त्याच्या जवळपासही जात नाही. तुम्ही कंटाळा करून टाकलेली पिशवी कुणीतरी वाकून उचलेल. फक्त एक अट, परतीच्या केंद्रावर तिच्याकडून पिशव्या घेतल्या पाहिजेत. "बिल दाखव", "आमच्याच दुकानाची कशावरून" असं म्हणून हाकललं, तर आज जे चार पैसे मिळतात तेही जातील, कारण चांगला माल घरातूनच दुकानात जाईल. तेव्हा दोन्ही बाजूंनी जपून.

आणि कंपन्या स्वतःहून ऐकतील यावर माझा विश्वास नाही. 2013 मध्ये पुण्यात "स्वच्छ" या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायकांनी वापरलेले सॅनिटरी पॅड पोत्यांत भरून बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले होते. त्याआधीची पत्रं-विनंत्या कुणी मनावर घेतल्या नव्हत्या.

अहवाल_लिहितो_पोटासाठी
आतली गोष्ट सांगतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचीबद्ध (शेअर बाजारातल्या) कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केलाय. त्यात एक तक्ता असतो: तुमचे हितसंबंधी घटक कोण, त्यांच्याशी कधी आणि कशासाठी बोललात. मी आजवर भरलेल्या तक्त्यांत गुंतवणूकदार, ग्राहक, पुरवठादार नेहमी असतात. कचरावेचक एकदाही नव्हती. सोसायटीतली चित्रकला स्पर्धा मात्र "समाजाशी संवाद" या रकान्यात गेली. सहकारी संघ तर शेअर बाजारातच नाहीत, त्यांना तेवढंही लागू नाही.

फॅट_एसएनएफ
@रद्दीमोजणी, ताई, हिशेब पटला. पण शिल्लक अनामत संघाकडे राहिली, तर पिशव्या परत येऊ नयेत हाच संघाचा फायदा झाला की. त्यापेक्षा तो पैसा सरकारी खात्यात ठेवा.

कोपरा_कापू_नका
हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मघाचं माझं म्हणणं मागे घेतो.

सायीचा_धनी
आणि कापलेल्या कोपऱ्याचं काय? तो टिकलीएवढा तुकडा कुणाच्या हाती लागत नाही, सरळ गटारात.

रद्दीमोजणी
कोपरा तोडायचाच नाही, नुसती चीर द्यायची. आमच्या बायका घरोघर हेच सांगतात. निम्म्या घरांत ऐकतात.

पहाटेचा_टेम्पो
ताई, तुमच्या बायका पिशव्या धुऊन, शंभराच्या गड्ड्या करून देणार असतील, तर माझी गाडी परतताना रिकामीच असते. मोजायला मात्र संघाचा माणूस पाहिजे आणि डिझेलचं आधी ठरलं पाहिजे. उधारीवर नाही.