५ वर्षांची मुलगी पॉझिटिव्ह, ताप उतरलाय पण घरचे सीटी स्कॅन करा म्हणतायत

चिऊची आई, सांगली (ऑगस्ट २०२१)
नमस्कार, इथे कुणी बालरोगतज्ज्ञ असतील किंवा ज्यांच्या मुलांना कोरोना होऊन गेलाय त्यांनी प्लीज सांगा. आधी मिस्टर पॉझिटिव्ह आले, मग सासूबाई आणि मी, आणि शेवटी लेकीची पण टेस्ट पॉझिटिव्ह आली. तिला ५ पूर्ण झालीयेत, वजन १६ किलो. दोन दिवस ताप, थोडं नाक गळत होतं, एकदा उलटी, बास. आता ती घरभर पळतेय आणि आम्हीच अंथरुणात. पण दीर सारखे फोन करून सांगतायत की एचआरसीटी (छातीचा सीटी स्कॅन) करून घ्या, रक्त तपासून घ्या, नंतर पळापळ नको, आणि टीव्हीवर तर रोज चालूच आहे की तिसरी लाट मुलांवर येणार. रात्री उठून तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावते तर कधी ९७ दाखवतो कधी ८८, छातीत धस्स होतं. नक्की कशाकडे लक्ष ठेवू?

बालरोग डॉक्टर, कराड
ताई, सीटी स्कॅनचा विषय आधी डोक्यातून काढून टाका. खेळतंय, खातंय अशा मुलाला स्कॅनची काही गरज नसते, उगाच रेडिएशन. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये मुलांसाठी सूचना काढल्यात त्यात पण हेच आहे, सौम्य आजारात स्टेरॉइड द्यायचं नाही आणि रेमडेसिविर तर मुलांना नाहीच.
परत ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलीला २५० चं सिरप (५ मिलीत २५० मिलिग्रॅम) असेल तर ४ मिली, आणि १२५ चं (५ मिलीत १२५) असेल तर ८ मिली, बाटलीवर नीट बघा कारण घोळ तिथेच होतो. दोन डोसांत ४ ते ६ तास जाऊ द्या.
ऑक्सिमीटर लहान बोटावर नीट बसत नाही, त्यात मूल हलतं, म्हणून ते ८८ दिसत असणार. अंगठ्याला लावा, हात गरम आणि स्थिर ठेवा, आकडा ठरेपर्यंत थांबा. ठरलेला आकडा ९४ च्या खाली असेल तर मात्र थांबायचं नाही. त्याहून खात्रीचं म्हणजे ती झोपली की फ्रॉक वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पाचच्या वरच्या मुलाला ३० पेक्षा जास्त, किंवा पोट उडतंय, बरगड्या आत ओढल्या जातायत, पाणी पण नको म्हणतेय, मलूल पडलीय, असं काही दिसलं की सरळ दवाखाना.
बहुतेक मुलांना एवढंच होतं. काळजी जास्त असते ती तान्ह्या बाळांची, आणि हृदयाचा जन्मजात दोष, किडनीचा आजार, कॅन्सरची ट्रीटमेंट किंवा खूप लठ्ठपणा असलेल्या मुलांची.

अथर्वची मम्मी, पुणे
डॉक्टरांनी सगळं बरोबर सांगितलंय, पण ताई पुढचे दीड महिने पण लक्ष असू द्या, हे मी कळकळीने सांगतेय. आमच्या मुलाला कोरोनात साधा ताप पण आला नव्हता, आम्ही सगळे बरे होऊन विसरून पण गेलो आणि मग महिनाभराने त्याला जो ताप चढला तो उतरेचना, डोळे लालभडक पण चिपडं नाहीत, अंगावर पुरळ, आणि पोट एवढं दुखत होतं की आधी सगळ्यांना अपेंडिक्सच वाटलं. आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात कोरोना झाला होता का? लगेच सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), अँटीबॉडी, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) केलं, एमआयएस-सी निघाला, म्हणजे कोरोनानंतर मुलांच्या बऱ्याच अवयवांना सूज येते तो आजार. हृदयावर सूज होती. आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते अँटीबॉडीचं औषध) आणि स्टेरॉइड दिल्यावर ताप उतरला, आता छान आहे, एकोला जावं लागतं अधूनमधून. वेळेत गेलो म्हणून निभावलं.

बालरोग डॉक्टर, कराड
अगदी बरोबर. हे २ ते ६ आठवड्यांनी होतं, क्वचितच होतं, पण बीपी पटकन खाली जाऊ शकतं म्हणून घरी थांबून बघायचा आजार नाही. रक्ततपासण्या कामाच्या असतात त्या तेव्हा. आता नाही.

नितीन, ठाणे
तिसऱ्या लाटेबद्दल थोडं. आयसीएमआरचा सिरो सर्व्हे जुलैत आला त्यात ६ ते ९ वयाच्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ च्या ६१.६ टक्के मुलांत अँटीबॉडी सापडल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना होऊन पण गेलाय आणि बऱ्याच आईबापांना पत्ता पण नाही. व्हायरस मुलांना शोधत येणार याला काही आधार नाहीये. मुलांना आत्ता, ऑगस्ट २०२१ मध्ये, लस मिळत नाही, म्हणून घरातल्या मोठ्यांनी दोन्ही डोस घ्या, सासूबाईंचा राहिला असेल तर बऱ्या झाल्यावर ३ महिन्यांनी नक्की घ्या.

चिऊची आई, सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. दिरांना हे सगळं वाचून दाखवलं, स्कॅन रद्द. आत्ता झोपेत श्वास मोजले, २२ आले. डॉक्टर, एक शेवटचं, माझी जाऊ पण पॉझिटिव्ह आलीय आणि बाळ ४ महिन्यांचं आहे, अंगावरचं दूध बंद करायला सांगतायत तिला.

बालरोग डॉक्टर, कराड
अजिबात बंद करू नका. मास्क लावून, हात साबणाने धुवून पाजायचं. दुधातून अँटीबॉडी मिळतात बाळाला. बाळाला ताप आला किंवा दूध ओढेनासं झालं तर मात्र फोनवर विचारत बसू नका, लगेच दाखवा.