मदत हवी आहे: एकच अभ्यास, दोन ठाम निष्कर्ष

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत सार्वजनिक धोरण शिकते आहे. पुढच्या आठवड्यात ओरेगॉनच्या मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) प्रयोगावर वर्गात बोलायचं आहे आणि मी एका जागी अडकले आहे.

२००८ मध्ये ओरेगॉन राज्याकडे गरिबांच्या आरोग्य विम्यासाठी पैसे कमी होते आणि अर्ज सुमारे ९० हजार. म्हणून चक्क सोडत काढली. त्यामुळे विमा मिळालेले आणि न मिळालेले यांची खरीखुरी तुलना करता आली, जी या विषयात फार क्वचित मिळते. एमी फिंकेलस्टाइन, कॅथरीन बेकर या अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये निकाल छापले: नैराश्य कमी झालं, दवाखान्याच्या बिलांची धास्ती बरीच ओसरली; पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत ठोस फरक दिसला नाही.

जास्त लोकांना आरोग्य विमा देणारा ओबामांचा २०१० चा कायदा लागू होत असतानाच हे निकाल आले. विरोधक म्हणाले, बघा, विम्याने तब्येत सुधारत नाही. समर्थक म्हणाले, नमुना लहान, दोनच वर्षं, आणि कर्जातून सुटका हा फायदा नाही का? मला दुसरी बाजू पटते. पण आकडे उलटे आले असते तर मी मत बदललं असतं का, हा प्रश्न मला खरोखर छळतो.

आरोग्य-अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्रातलं कुणी आहे का? ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ यांतलं अंतर या आकड्यांवरून सोप्या मराठीत समजावाल का? आणि कुठल्या पुराव्याने तुमचं स्वतःचं राजकीय मत डळमळलं, तेही जरूर लिहा.