मदत हवी आहे: जानेवारी उलटला की बर्फाखालचे मासे जातात कुठे? (मिनेसोटा)

खाडीकाठचा

मंडळी, मिनिआपोलिसच्या पश्चिमेला राहतो. बर्फावर बसून मासे धरायचा नाद लागलाय. इथे कुणी त्यात मुरलेलं असेल तर मार्गदर्शन हवंय. इंग्रजी ग्रुपवर विचारलं की प्रत्येक जण आपल्या ऑगरचा (बर्फाला भोक पाडायच्या गिरमिटाचा) ब्रँड सांगतो, तळ्याबद्दल कुणी बोलत नाही.

अडचण अशी आहे. डिसेंबरात तळी गोठली की सुरुवातीला धमाल असते. मेडिसिन लेक, मिनेटॉन्काचे उथळ कोपरे, आठ-दहा फूट पाणी, खाली पाणवनस्पती अजून हिरव्या. तिथे ब्लूगिल आणि क्रॅपी हे मासे अंधार पडेपर्यंत मिळत राहतात. जानेवारीच्या मध्यानंतर मात्र त्याच जागी शुकशुकाट. जिग (वजन लावलेला गळ) तोच, आमिषाच्या अळ्या वॅक्सवर्म त्याच, वेळही तीच दिवेलागणीची. फ्लॅशरवर (पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनारवर) खाली तळाची जाड रेघ आणि वर माझाच जिग, बाकी काही नाही. मार्चमध्ये पुन्हा हालचाल सुरू होते म्हणतात. मग मधले सहा-सात आठवडे मासे काय करतात? जागा बदलायची, आमिष बदलायचं की तळंच बदलायचं?

यंदा तळंच बदलून बघायचा विचार आहे. डिसेंबरात अपर रेड लेक, जानेवारीत मिल लॅक्स, फेब्रुवारीत जमलं तर पार कॅनडाच्या सीमेवरचं लेक ऑफ द वूड्स. हा क्रम बरोबर आहे का?

सोबत नऊ वर्षांची मुलगी असते. तिला पकडण्यापेक्षा भोकात डोकावण्यात जास्त रस, त्यामुळे दोनातला एक गळ कायम रिकामा. सामान बेताचंच: सहा इंची ऑगर, घडीचा तंबू, ओढायची स्लेज. बायकोच्या दोन अटी आहेत: गाडी बर्फावर न्यायची नाही आणि तंबूत हीटर लावायचा नाही. पहिली मान्य. दुसरीवर वाटाघाटी चालू आहेत, त्याबद्दलही सांगा.

---

दुलुथकर

आमिषाला दोष देऊ नका, मासेच तिथे नाहीत. बर्फावर हिमाचा जाड थर साचला की खाली उजेड पोचत नाही. उथळ पाण्यातल्या वनस्पती मरतात, कुजतात आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातात. बर्फाचं झाकण असल्यामुळे हवेतून नवा ऑक्सिजन मिळत नाही. म्हणून मासे तिथून निघतात आणि तळ्याच्या मधल्या खोलगट भागात जातात.

तुम्ही तळ्याचा खोलीचा नकाशा काढा. डीएनआरच्या (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या) साइटवर फुकट आहे. वीस ते तीस फुटांचा खड्डा शोधा आणि त्यावर ओळीने भोकं पाडत जा. प्रत्येकात फ्लॅशर घालून बघायचं, काही दिसलं नाही तर पुढे. एका भोकावर तंबू ठोकून बसलात तर दिवस गेला. आणि तळाशी बघू नका. क्रॅपी मधल्या पाण्यात तरंगत असतात, तीस फूट पाण्यात पंधरा-अठरा फुटांवर. त्यांची नजर वर असते, म्हणून जिग माशाच्या थोडा वरच ठेवा. खाली गेला की त्यांच्या लेखी तो नाहीच.

फार उथळ तळ्यांत मात्र खोल जायला जागाच नसते. तिथे कडक हिवाळ्यात मासे मरतात, म्हणून काही ठिकाणी हवा सोडणारी यंत्रं बसवतात. त्यांच्या आसपास बर्फ पातळ असतो, पाटीही असते. मुलगी सोबत आहे, पाटी दिसली की तळंच सोडा.

---

मेंडोटाकाकू

आमच्या मॅडिसनला मेंडोटा तळ्यावर पर्च माशांचं असंच. आज इथे, उद्या अर्धा मैल पलीकडे. शनिवारी सगळी माणसंच थव्याने त्यांच्या मागे फिरत असतात.

हीटरबद्दल मी तुमच्या बायकोच्या बाजूने. लावायचाच तर तंबूची वरची झडप उघडी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आत, याशिवाय नाही. हे वायू नाकाला कळत नाहीत, माणूस पेंगतो आणि संपतं. लेकीला गळ्यात बर्फाचे खिळे अडकवायला द्या, पाण्यात पडलंच तर कडेला रोवून वर येता येतं. अंगावर लाइफ जॅकेटही असू द्या, थंडीत उबेलाही बरं. आणि पर्च मिळाले तर रव्यात घोळवून तळा, तिरफळ वगैरे घालत बसू नका.

---

दुलुथकर

क्रमाबद्दल राहिलंच. अपर रेड आधी, हे बरोबर. ते प्रचंड मोठं पण जेमतेम पंधरा फूट खोल, म्हणून मोठ्या तळ्यांत लवकर गोठतं. फक्त पूर्वेकडचा भाग आपल्यासाठी खुला, बाकीचा रेड लेक नेशन या मूळनिवासी जमातीचा आहे, तिथे जायचं नाही. मिल लॅक्सवर वॉलाय मासे किती ठेवता येतात हा नियम बदलत असतो, निघायच्या आदल्या दिवशी बघा.

बर्फ किती हवा: चालायला स्वच्छ निळसर बर्फ चार इंच, लहान गाडीला नऊ-दहा. पांढरा, दुधाळ बर्फ असेल तर दुप्पट धरा. एका ठिकाणी मोजून भागत नाही, चालताना लोखंडी पहार मारत जायचं. मिनेटॉन्काच्या पुलांखाली आणि अरुंद वाटांवर पाणी वाहतं राहतं, तिथे जानेवारीतही भरवसा नाही. मिल लॅक्सवर रिसॉर्टवाले बर्फावर रस्ते राखतात आणि भाड्याच्या ऊबदार खोपटापर्यंत नेऊन सोडतात. दोन्ही अटी एकदम सुटतात.

---

खाडीकाठचा

दोघांचे आभार. काल मेडिसिन लेकवर खोल भागात गेलो. तिसऱ्या भोकात फ्लॅशरवर मधोमध लाल रेघा, जिग वर ठेवला तर एक रेघ चढत आली आणि दांडीचं टोक जेमतेम हललं. क्रॅपी! मुलीने हात घालून बाहेर काढली आणि लगेच सोडायला लावली.

एक शंका राहिली. बर्फ मधूनच तोफ डागल्यासारखा गडगडतो, ती घाबरते. धोका असतो का? आणि मार्चमध्ये परत उथळ पाण्यात जायचं ना?

---

दुलुथकर

तापमान बदललं की बर्फ ताणतो-आकसतो, त्याचा आवाज. जाड बर्फ जास्तच गडगडतो. आवाजापेक्षा कडेचा रंग बघा: काळपट, पाणी साचलेला दिसला तर परत फिरा. मार्चमध्ये वितळलेलं पाणी भोकांतून, ओढ्यांतून आत येतं, सोबत ऑक्सिजन येतो, मासे पुन्हा काठाकडे सरकतात. पण कडेचाच बर्फ आधी सुटतो, म्हणून तेव्हा पहार दर पावलाला. आणि लायसन्स फेब्रुवारीअखेर संपतं, मार्चसाठी नवं घ्या. वॉलायचा हंगामही बहुतेक तळ्यांवर तोवर बंद होतो, क्रॅपी-ब्लूगिलला तशी मुदत नाही.