मदत हवी आहे: बाळाचा जनुकांचा रिपोर्ट, फक्त माझीच तपासणी पुरे का?

रेवती_सोलापूर: एमआरपीएल४४ नावाच्या जनुकात दोष निघालाय, पुढे 'होमोझायगस' लिहिलंय. हृदयाचा स्नायू जाड झाल्याचं इकोत आधीच दिसलं होतं. घरात सगळे म्हणतात, मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागांचा, आजार आईकडूनच येतो. मग माझी आणि बहिणीची तपासणी केली की झालं ना? लवकर सांगा, रविवारी तिची सुपारी फुटणार आहे.

शेंगाचटणी: बाळ केवढं? रक्तातलं लॅक्टेट किती? नवरा नात्यातला का?

सातरस्ता: आईकडूनच येतो. आई, मावशी आणि मी, तिघांचे कान जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या इंजेक्शनने गेले. डीएनएत १५५५ क्रमांकाच्या जागी बदल निघाला. बाळाला ते देऊ नका.

पेशीवाली: सातरस्ता, तुमचं खरंय, पण ते दुखणं वेगळं. १५५५ मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएवर आहे. तिथे जनुकं ३७च, त्यातली १३ प्रथिनांची. त्यांच्या रायबोसोमची, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राची, ८०च्या आसपास प्रथिनं मात्र पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात आणि बाहेरून आत जातात. एमआरपीएल४४ त्यातलंच. ते बिघडलं की आतली १३ प्रथिनं नीट बनत नाहीत, ऊर्जा कमी पडते आणि अखंड चालणाऱ्या हृदयाला ते सोसत नाही. होमोझायगस म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष, एक आईची, एक बाबांची. ताई, एकट्या तुमच्याकडून आलेलं नाही हे. तपासणी दोघांची करा.

महेश_जुळे: को-क्यू टेनचं सप्लिमेंट द्या. पुतण्याला खूप फरक पडला.

शेंगाचटणी: पुतण्याला नेमकं काय होतं? को-क्यू टेन शरीरात बनतच नसेल तर त्याचा मोठा उपयोग होतो. इथे दोष दुसरीकडे आहे. डॉक्टरांना न विचारता तान्ह्या बाळाला काही सुचवू नका.

महेश_जुळे: अनुभव सांगायचाच नाही का?

प्रवासी: पुण्याला दाखवायचं तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस बरी. तिकीट आधी काढा.

रेवती_सोलापूर: पुण्याचं कोणी विचारलं? बाळ सात महिन्यांचं आहे. नवरा मामाचाच मुलगा, आमच्यात चालतं. बहिणीलाही धाकटा दीरच बघितलाय.

पेशीवाली: अहो, हे आधी सांगायचं! तुम्ही दोघं वाहक, म्हणजे एक प्रत सदोष पण स्वतःला आजार नाही असे, असाल तर बहीण आणि दीर वाहक असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी तरी आहे. दोघेही निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याचा २५ टक्के धोका. तुमच्या पुढच्या वेळी अकराव्या आठवड्यानंतर वारेचा नमुना तपासता येतो.

रेवती_सोलापूर: दीर रक्त द्यायला तयार झाला नाही तर?

पेशीवाली: आधी बहिणीचं द्या. तिच्यात हा बदल नसेल, तर या आजारापुरता दिराचा प्रश्नच उरत नाही. रिपोर्टची प्रत सोबत न्या, तोच बदल तपासायला सांगा. आणि रविवार पुढे ढकला.